धंदा चार महिन्यांचा, हप्ता बारा महिन्यांचा
थंड पेयाचा छोटा धंदा वाढवू पाहणाऱ्या घरांसाठी चार हिशेबाच्या गोष्टी

वऱ्हाडातला उन्हाळा वऱ्हाडी माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो, अमरावतीही फार मागे राहत नाही. दुपारी बाराच्या सुमारास बडनेरा स्टेशनच्या बाहेर, इर्विन चौकात, अकोल्याच्या एस.टी. स्टँडवर माणसाच्या घशाला कोरड पडते आणि हात आपोआप लिंबू सरबताच्या, गोटी सोड्याच्या, उसाच्या रसाच्या गाडीकडे वळतो. त्या गाडीमागे उभा असलेला माणूस पुष्कळदा आपल्याच वस्तीतला असतो. घरी त्याची बायको पहाटे चारला उठून लिंबे पिळते, पोरगा कॉलेजातून आला की बर्फ आणतो, आणि रात्री सगळे घर मिळून बाटल्या धुते.

अशा घरांतून हल्ली एकच प्रश्न आमच्या कानावर येतो. "गाडी चांगली चालली आहे. आता मशीन घ्यावी म्हणतो. सरकारी कर्ज मिळेल काय?"

कर्ज मिळू शकते, हे त्याचे उत्तर. पण त्याच्या आधी दुसरा प्रश्न विचारला पाहिजे आणि तो फारसे कोणी विचारत नाही. कर्जाचा हप्ता ऑगस्ट महिन्यात कोठून भरणार? थंड पेयाचा धंदा फेब्रुवारीच्या अखेरीस जोर धरतो आणि मृगाचा पाऊस पडला की बसतो. बँकेचा हप्ता मात्र पावसाळ्यातही चुकत नाही. या एका गोष्टीचा विचार न केल्यामुळे चांगली चाललेली गाडी कर्ज घेतल्यानंतर बंद पडू शकते. म्हणून कर्जाच्या कागदांइतकाच हिशेबाचाही विचार या लेखात आम्ही करणार आहोत.

हाताचे पाणी

पेयाचा धंदा आपल्या समाजाने करणे ही गोष्ट वरवर दिसते तेवढी साधी नाही. शिलाईचे दुकान, सायकलचे दुकान आणि पाण्या-सरबताची गाडी यांत एक फरक आहे. आपल्या हातचे शिवलेले कपडे गावाने घातले, पण आपल्या हातचे पाणी गावाने घेतले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1918 साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तेव्हा प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातले पाणी त्यांनी पिण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली होती. त्याच सुमारास बाबासाहेबांनी शेअर बाजाराबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि तो व्यवसाय बंद करावा लागला. परदेशात शिकलेल्या अर्थशास्त्रज्ञाची ही गत, तर गावातल्या माणसाची काय असेल?

मार्च 1927 मध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले. त्याच वर्षी नोव्हेंबरात अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर अमरावतीत बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. ज्या शहरात ती परिषद भरली, त्याच शहरात आज आपला एखादा तरुण भर चौकात दिवसाला शेकडो माणसांची तहान भागवतो. हा बदल आपोआप झालेला नाही. म्हणून या धंद्याकडे आम्ही पोटापाण्याची गाडी एवढ्याच नजरेने पाहत नाही. तो बुडाला तर एका घराचे नुकसान होते. तो वाढला तर वस्तीतल्या दहा जणांना काम मिळते.

कर्जाची दारे कोणती?

आपल्या लोकांना पहिले दार म्हणजे महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ. त्याची स्थापना 1978 साली झाली. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध यांच्यासाठीच हे महामंडळ आहे आणि अमरावती व अकोला या दोन्ही ठिकाणी त्याचे जिल्हा कार्यालय आहे. येथे थोडा इतिहास तरुण वाचकांनी लक्षात ठेवावा. 1956 च्या धर्मांतरानंतर, आता तुम्ही बौद्ध झालात म्हणून सवलती नाहीत, असे आपल्या लोकांना सांगितले गेले. महाराष्ट्र राज्याने 1 मे 1960 पासून नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या सवलतींसाठी 1990 पर्यंत वाट पाहावी लागली. त्या वर्षी संसदेने कायदा दुरुस्त करून बौद्धांचा अनुसूचित जातींच्या यादीत समावेश केला. आधीच्या वर्षी, म्हणजे 1989 मध्ये, अनुसूचित जातींसाठी राष्ट्रीय वित्त व विकास महामंडळ स्थापन झाले होते. त्याचे कर्ज आपल्या राज्यात महात्मा फुले महामंडळामार्फत येते. तेव्हा अर्जासोबत जोडतो तो जातीचा दाखला म्हणजे साधा कागद नव्हे. त्याच्यामागे तीस-पस्तीस वर्षांची मागणी आहे.

महामंडळाच्या दोन योजना जुन्या आणि लोकांच्या माहितीतल्या आहेत. लहान धंद्यासाठी अनुदान योजना आणि त्याहून मोठ्या प्रकल्पासाठी बीज भांडवल योजना. बीज भांडवलाची रचना वर्षानुवर्षे अशी चालत आली आहे: खर्चाचे 75 टक्के बँक देते, 20 टक्के महामंडळ 4 टक्के व्याजाने देते आणि 5 टक्के अर्जदाराने स्वतः घालायचे. महामंडळाच्या त्या 20 टक्क्यांतच अनुदानाची रक्कम धरलेली असते.

दुसरे दार जिल्हा उद्योग केंद्राचे. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम 2019 साली सुरू झाला, तो तेथूनच चालतो. त्यात अनुसूचित जातीच्या अर्जदाराने स्वतःचे 5 टक्के घालायचे आणि शासनाचे अनुदान शहरात 25 टक्के व ग्रामीण भागात 35 टक्के. गाडी अमरावती शहरात लागत असली तरी माल तयार करण्याची जागा एखाद्या खेड्यात असेल, तर हा दहा टक्क्यांचा फरक हिशेबात घ्यावा.

तिसरे दार महानगरपालिकेचे किंवा नगरपालिकेचे. रस्त्यावरच्या विक्रेत्यांसाठी 2020 साली सुरू झालेल्या स्वनिधी योजनेत पालिकेने विक्रेता म्हणून नोंद केली किंवा शिफारसपत्र दिले, की बँक तारणाशिवाय कर्ज देते. सुरुवातीला पहिले कर्ज 10,000 रुपयांचे होते. 2025 मध्ये ते 15,000 झाले, दुसरे 25,000 आणि तिसरे 50,000. पहिले फेडले की दुसरे, दुसरे फेडले की तिसरे. वेळेवर फेडणाऱ्याला व्याजात 7 टक्के सूट मिळते. रक्कम लहान वाटते, पण ही पायरी कोणी ओलांडू नये असे आम्हाला वाटते. ज्याने 15,000 वेळेवर फेडले, त्याच्याकडे पाहण्याची बँकेच्या साहेबाची नजर बदलते.

चौथे दार खाद्यपदार्थ करणाऱ्यांसाठी आहे. केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना 2020 सालची. तीत यंत्रसामग्रीच्या प्रकल्पाला 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत अनुदान ठरवले गेले, आणि बचत गटातल्या प्रत्येक सभासदामागे 40,000 रुपयांपर्यंत बीज भांडवल. अमरावती जिल्ह्यासाठी या योजनेत संत्रा हे फळ निवडलेले आहे. ज्या बहिणींचा बचत गट नीट चालला आहे, त्यांनी हे दार आधी ठोठवावे.

याशिवाय जिल्हा परिषदेला आपल्या उत्पन्नातला 20 टक्के निधी मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करावा लागतो. त्यातून कर्ज मिळत नाही, पण वस्तू मिळू शकतात. समाजकल्याण विभागात जाऊन यंदा कोणत्या वस्तू आहेत हे विचारायला पैसे पडत नाहीत.

योजनांचे आकडे आणि मुदती शासन निर्णयाने बदलत असतात. म्हणून कार्यालयात गेल्यावर फलकावरचा त्या दिवशीचा आकडा वहीत उतरवून घ्यावा. शेजाऱ्याला चार वर्षांपूर्वी काय मिळाले, त्यावर आपला हिशेब बांधू नये.

आणखी एक. अनुदान म्हणजे हातात पडणारी नोट नव्हे. रोजगार निर्मितीच्या योजनांत अनुदानाची रक्कम बँकेत तीन वर्षे वेगळी ठेवली जाते. धंदा चालू राहिला तरच ती कर्जात वळती होते. अनुदान मिळाले की लेकीचे लग्न उरकू, असे कोणी मनात धरले असेल तर तो विचार आजच सोडावा.

तीन लाखांचा हिशेब

आता मुख्य गोष्ट. समजा एका कुटुंबाने गोटी सोड्याचे छोटे यंत्र, पाणी शुद्ध करण्याचा संच, पाणी थंड करण्याचे यंत्र, बाटल्या आणि क्रेट असा 3 लाख रुपयांचा प्रकल्प केला. बीज भांडवलाच्या रचनेप्रमाणे घरचे 15,000, महामंडळाचे 60,000 आणि बँकेचे 2,25,000. महामंडळाच्या 60,000 मध्ये 10,000 अनुदान धरले, तर फेडायचे राहिले 50,000. बँकेचे व्याज 11 टक्के आणि मुदत पाच वर्षे धरली, तर बँकेचा हप्ता महिना सुमारे 4,900 रुपये. महामंडळाचा सुमारे 920 रुपये. दोन्ही मिळून महिना 5,800 च्या आसपास आणि वर्षाला जवळपास 70,000 रुपये.

आता बाटलीकडे या. गॅस, साखर, वीज, भाडे, फुटलेल्या बाटल्या आणि दुकानदाराचे कमिशन वजा जाता एका बाटलीमागे 2 रुपये उरतात असे समजा. म्हणजे नुसत्या हप्त्यासाठी वर्षाला 35,000 बाटल्या विकल्या पाहिजेत. वर्षभर सारखी विक्री असती तर रोज 96 बाटल्या पुरल्या असत्या. पण खरी विक्री 120 दिवसांची. त्या 120 दिवसांत रोज 290 बाटल्या केवळ हप्त्यासाठी विकल्या गेल्या पाहिजेत. घरखर्च त्यानंतरच्या बाटलीपासून सुरू होतो.

हा हिशेब घाबरवण्यासाठी नाही. रोज 600 बाटल्या खपवणाऱ्याला 290 चे भय नाही. पण आज ज्याची रोजची विक्री 100 आहे आणि "मशीन आली की खप वाढेल" एवढ्याच भरवशावर जो अर्ज करतो, त्याने थांबावे. यंत्र माल तयार करते, गिऱ्हाईक तयार करत नाही. आधी पाच-दहा पानठेले, दोन मंगल कार्यालये, एखादी खानावळ यांच्याकडून "तू आणून दे, आम्ही ठेवतो" असा शब्द घ्यावा, मग यंत्राचे कोटेशन आणावे.

कोटेशन आणतानाही दोन चुका टाळाव्यात. पहिली, नुसत्या सोडा यंत्राचे कोटेशन देणे. थंड पाण्यात गॅस चांगला मुरतो, कोमट पाण्यात तो टिकत नाही. पाणी थंड करण्याचे यंत्र नसेल तर मे महिन्यात, म्हणजे ऐन विक्रीच्या दिवसांत, सोडा पचपचीत होतो. दुसरी चूक बाटल्यांची. रोज 500 बाटल्या विकायच्या तर 500 बाटल्यांनी भागत नाही. तितक्याच दुकानात अडकतात आणि तितक्याच धुण्याला पडलेल्या असतात. दीड हजार बाटल्या लागतात आणि तो खर्च प्रकल्प अहवालात दाखवला नाही, तर पुढे सावकाराकडे जावे लागते. सरकारी कर्जाच्या शेपटाला सावकारी कर्ज बांधले गेले, की मग उठणे कठीण.

पावसाळ्यात काय करावे?

ऑगस्टच्या हप्त्याचा प्रश्न आम्ही वर टाकला, त्याला दोन उत्तरे आहेत.

एक उत्तर बँकेत आहे. अर्ज करतानाच लेखी मागणी करावी की आमचा धंदा हंगामी आहे, मार्च ते जून मोठा हप्ता आणि इतर महिन्यांत लहान हप्ता असे वेळापत्रक बांधून द्यावे. शेतीकर्जाचा भरणा पीक हाती आल्यावर होतो, हे बँकेला ठाऊक असतेच. कर्ज मंजूर झाल्यावर रडण्यापेक्षा मंजुरीआधी मागणे बरे. कर्ज उचलण्याचा महिनाही पाहावा. यंत्र जानेवारीत बसले पाहिजे. जूनमध्ये यंत्र आले, तर पहिले आठ महिने नुसते व्याज.

दुसरे उत्तर आपल्या मातीत आहे. अकोला जिल्ह्यात बाळापूर तालुक्यातले वाडेगाव लिंबांसाठी प्रसिद्ध आहे. लिंबू उन्हाळ्यात महाग असते आणि पावसाळ्यात त्याचा भाव पडतो. रोज ताजे लिंबू घेऊन सरबत करणारा एप्रिलमध्ये महाग लिंबू घेतो आणि नफा बागवानाच्या खिशात जातो. जो पावसाळ्यात स्वस्त लिंबू घेऊन त्याचा पाक करून ठेवतो, त्याचा उन्हाळ्यातला खर्च कमी होतो आणि घरातल्या माणसांना पावसाळ्यातही काम राहते. त्यासाठी यंत्रापेक्षा खेळते भांडवल लागते. अर्जात त्याचा वेगळा रकाना असतो आणि आपले लोक तो बहुधा कोरा सोडतात.

संत्र्याचेही तसेच. आंबिया बहाराचा संत्रा साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर येतो, मृग बहाराचा फेब्रुवारी ते एप्रिल. वरुड-मोर्शीकडचा लहान आकाराचा, बाजारात भाव न मिळणारा संत्रा रसाला चालतो. पण येथे सावध राहावे. आपल्या संत्र्याचा रस काढून ठेवला की काही वेळाने त्यात कडवटपणा उतरतो. म्हणून रस काढण्याची, तापवण्याची आणि साठवण्याची रीत शिकून घेतल्याशिवाय या कामात पैसे घालू नयेत. नागपूरच्या संत्रा बागायतदारांनी सुरू केलेला "नोगा" हा छाप पुढे महाराष्ट्र कृषी उद्योग विकास महामंडळाकडे गेला आणि त्याचे स्क्वॅश घराघरांत पोहोचले. फळ काही आठवडे टिकते, पाक वर्षभर विकता येतो, हाच त्यातला धडा. नियमाप्रमाणे स्क्वॅशमध्ये किमान 25 टक्के फळाचा रस असावा लागतो. रंग आणि साखर घालून संत्र्याचे चित्र चिकटवणे म्हणजे स्क्वॅश नव्हे. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ 1969 पासून आपल्या दाराशी आहे. फळप्रक्रियेची माहिती तेथे जाऊन विचारावी. तेथल्या शास्त्रज्ञांचा पगार आपल्याच करातून जातो.

माल ठरवताना कराचाही विचार करावा. 22 सप्टेंबर 2025 पासून गॅस भरलेल्या गोड पेयावर जीएसटी 40 टक्के आहे, तर बिनगॅसच्या फळरसाच्या पेयावर 5 टक्के. वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असणाऱ्या छोट्या उत्पादकाला आज नोंदणीची सक्ती नाही, म्हणून गाडीवाल्याने घाबरू नये. पण धंदा खरोखर वाढला आणि ती रेषा ओलांडली, तर सोडा करणाऱ्यावर आणि लिंबाचा पाक करणाऱ्यावर पडणारे ओझे सारखे नाही. कमी दराने ठोक कर भरण्याची कंपोझिशनची सवलतही गॅसच्या पेयाच्या उत्पादकाला 2019 पासून नाही. पाच वर्षांचे कर्ज घेणाऱ्याने पाच वर्षांपुढचे पाहावे.

पाणी आणि स्वच्छता

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेला खारपाणपट्टा आपल्याला माहीत आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर या भागांत बोअरचे पाणी खारट लागते. अशा पाण्याचे सरबत करता येत नाही, आणि ते शुद्ध करणारा संच बसवला तरी बरेच पाणी वाया जाते. म्हणून जागा भाड्याने घेण्याआधी पाणी तपासून घ्यावे. नळाचे पाणी किती दिवसांआड येते, टाकी केवढी लागेल, हेही लिहावे. जागेचे भाडे स्वस्त आणि टँकर महाग, असा सौदा करू नये.

अन्न सुरक्षा कायदा 2006 चा, तो ऑगस्ट 2011 पासून लागू झाला. गाडीवाल्यालाही नोंदणी लागते. 2011 च्या नियमांत लहान विक्रेत्याची नोंदणी फी वर्षाला अवघी 100 रुपये ठेवली होती. हा कागद नसेल तर बँकेत प्रकरण पुढे सरकत नाही आणि मंगल कार्यालयाची ऑर्डरही मिळत नाही.

स्वच्छतेबाबत आम्ही थोडे कडक बोलणार आहोत. आपल्या हातच्या पाण्यावर ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आक्षेप घेतला, त्यांचा आक्षेप खोटा आणि अन्यायाचा होता. पण आपल्या ग्लासावर माशी बसलेली गिऱ्हाइकाला दिसली, तर ती तक्रार खरी असेल. नखे कापलेली, डोक्याला रुमाल, झाकलेले भांडे, आणि बर्फ खाण्याचाच, मासळी ठेवायचा नव्हे. आपले आडनाव फलकावर लिहावे की लपवावे, असे काही तरुण विचारतात. लपवू नये. फलकावर नाव लिहावे आणि काचेचा ग्लास असा धुवावा की त्यातून पलीकडचे नाव वाचता यावे.

बँकेच्या दारात

आपल्या लोकांचे अर्धे अर्ज मनातच नामंजूर होतात. "बँकवाला उभाच करत नाही" असे म्हणून माणूस घरी बसतो आणि दलाल घरी येतो. दलालाला एक रुपयाही देऊ नये. अर्ज स्वतः भरावा. जमत नसेल तर वस्तीतल्या शिकलेल्या मुलीकडून भरून घ्यावा. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, आधार, जागेचा करार, विजेचे बिल, कोटेशन, प्रकल्प अहवाल, उद्यम नोंदणी आणि अन्न नोंदणी एवढे कागद एका फाईलमध्ये ठेवावेत आणि प्रत्येक कागदाची पोच घ्यावी.

तारणासाठी अडवणूक होते. सूक्ष्म व लघुउद्योगांना 10 लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागू नये, अशी रिझर्व्ह बँकेची बँकांना सूचना 2010 पासून आहे. कर्ज बुडाल्यास बँकेला भरपाई देणारा हमी निधीही 2000 सालापासून आहे. घर किंवा शेत लिहून मागितले, तर हे शांतपणे सांगावे. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागावे आणि ते पत्र घेऊन महामंडळाच्या जिल्हा व्यवस्थापकाकडे जावे. भांडण करू नये आणि हात जोडूनही उभे राहू नये. कर्ज ही भीक नाही, ते व्याजासकट परत करायचे असते.

मोठ्या कंपन्यांच्या भीतीनेही काही जण मागे सरतात. 1993 मध्ये कोका-कोला परत आली आणि तिने थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट हे देशी छाप विकत घेतले. 2023 मध्ये कॅम्पा नव्याने बाजारात आली आणि 10 रुपयांची बाटली पानठेल्यावर दिसू लागली. जाहिरातीत आणि भावात त्यांच्याशी आपण लढू शकत नाही. पण लग्नात ऐन वेळी दोनशे बाटल्या कमी पडल्या, तर कंपनीची गाडी रात्री नऊला येत नाही, आपली येते. 14 एप्रिल ऐन हंगामात येतो. त्या दिवशी चौकाचौकांत मंडळे सरबत वाटतात. ती ऑर्डर आपल्याच वस्तीतल्या माणसाला मिळावी, असे मंडळांनी ठरवले तर त्याचा एक हप्ता त्या एका दिवसात निघेल.

घरची वही

अकोला जिल्ह्यातल्या रोपरखेडा गावात जन्मलेल्या कल्पना सरोज यांचे नाव आपल्या घरांत आदराने घेतले जाते. बालविवाहाच्या छळातून बाहेर पडून त्या मुंबईला गेल्या, कपड्याच्या कारखान्यात राबल्या आणि मागासवर्गीयांसाठीच्या सरकारी योजनेतून 50,000 रुपयांचे कर्ज घेऊन त्यांनी कल्याणमध्ये फर्निचरचा धंदा सुरू केला. पुढे बंद पडत आलेली कमानी ट्यूब्स ही कंपनी त्यांनी उभी केली आणि 2013 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सगळेच त्यांच्याएवढे मोठे होणार नाहीत. पण पहिले 50,000 त्यांनी धंद्यात घातले, एवढे तर प्रत्येकाला करता येते.

येथे घरातल्या बाईची भूमिका मोठी आहे. पुष्कळ घरांत गल्ला नवऱ्याच्या खिशात असतो आणि वही कोणाकडेच नसते. दोन वह्या कराव्यात, एक धंद्याची आणि एक घराची. गल्ल्यातून घरात किती पैसे घ्यायचे हे महिन्याला ठरवावे आणि त्यापेक्षा जास्त घेऊ नये. मार्च ते जून रोज रात्री गल्ला मोजला की पावसाळ्याच्या हप्त्याचा वाटा वेगळ्या खात्यात टाकावा. वरच्या उदाहरणात जुलै ते फेब्रुवारी या आठ महिन्यांचे हप्ते सुमारे 46,500 रुपये होतात. हंगामाच्या 120 दिवसांत रोज 390 रुपये बाजूला काढले, की ऑगस्टची भीती संपते. हा आकडा भिंतीवर खडूने लिहून ठेवावा. ही वही घरच्या बाईने ठेवावी असे आमचे मत आहे. बचत गटात दहा-वीस रुपयांचा हिशेब बिनचूक ठेवणाऱ्या आपल्या बहिणींना हे जड नाही. आणि बाटल्या धुण्यासाठी पोराची शाळा बुडवू नये. त्याच्या मजुरीने वाचलेले पैसे पुढे दुप्पट मोजावे लागतात.

शेवटी फेडीबद्दल. "सरकारी कर्ज आहे, निवडणूक आली की माफ होईल" असे सांगणारे लोक प्रत्येक वस्तीत भेटतात. त्यांचे ऐकून ज्याने हप्ता थांबवला, त्याचे नाव थकबाकीदारांच्या यादीत जाते आणि पुढे त्याच्या मुलाच्या शिक्षणकर्जाच्या आड येते. त्याहून वाईट म्हणजे त्याच वस्तीतला दुसरा होतकरू तरुण अर्ज घेऊन गेला, की साहेब यादी दाखवतो. एका घराने बुडवलेल्या हप्त्याची किंमत दहा घरे मोजतात. उलट एका घराने पाच वर्षे हप्ता चुकवला नाही, तर तेच घर शेजाऱ्याच्या अर्जावर जामीनदार म्हणून सही करू शकते.

तेव्हा ज्या घरांना या उन्हाळ्यात धंदा वाढवायचा आहे, त्यांनी आज रात्रीच वही उघडावी. गेल्या हंगामात रोज किती ग्लास विकले गेले, एका ग्लासामागे किती उरले आणि पावसाळ्यात काय विकणार, या तीन ओळी आधी लिहाव्यात. त्या तीन ओळी भरता आल्या तर महामंडळाच्या कार्यालयाची पायरी चढावी. भरता आल्या नाहीत तर एक हंगाम आणखी गाडीवर काढावा आणि रोजची विक्री लिहीत जावी. पुढच्या वर्षी तीच वही बँकेच्या साहेबासमोर ठेवता येईल.